पलटणीतून पेन्शनीत

पेन्शनर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. डोक्याला टक्कल किंवा पांढरी टोपी, हातात काठी, सकाळी बागेतल्या बाकावर चार समवयस्कांबरोबर वर्तमानपत्राचे वाचन आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेची वारी. मुले नोकरीला लागलेली, मुली आपापल्या घरी गेलेल्या. कचेरीतून साठीच्या आसपास निवृत्त होणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे चित्र बहुतांशी खरेही असते.

पण आपल्याच आळीत राहणारा दुसरा एक पेन्शनर या चित्रात बसत नाही. त्याचे वय असते सदतीस-अडतीस. केस काळेभोर, छाती अजून ताठ, चालताना पावले अजून तालात पडतात. थोरला मुलगा पाचवीत, धाकटी नुकतीच बालवाडीत. घरावरचे कर्ज फिटायचे आहे आणि म्हातारी आई औषधांवर आहे. हा गृहस्थ लष्करातून सन्मानाने निवृत्त झालेला शिपाई किंवा नाईक असतो. ज्या वयात आपल्याकडे माणूस संसाराला खऱ्या अर्थाने लागतो, त्या वयात सरकार त्याला 'आता पुरे' म्हणून निरोप देते.

यात सरकारचा दुष्टावा नाही. फौज तरुण ठेवावीच लागते. बर्फाळ ठाण्यावर पाठीवर ओझे घेऊन चढायचे काम पन्नाशीच्या माणसाचे नव्हे. म्हणून शिपाई पदावरच राहिलेला जवान साधारण १५ ते १९ वर्षांच्या नोकरीनंतर घरी येतो. हवालदार, सुभेदार अशी बढती मिळत गेली तर आणखी काही वर्षे मिळतात. कर्नलसाहेबसुद्धा ५४ व्या वर्षी निवृत्त होतात. देशाला तरुण फौज हवी आणि तिची किंमत जवानाच्या संसाराने मोजायची, असा हा व्यवहार आहे. लष्करी पेन्शन ही त्या व्यवहाराची दुसरी बाजू. ती नीट समजून घेतली, तर 'एवढ्या लहान वयात पेन्शन कशाला?' हा प्रश्न कुणी विचारणार नाही.

जुनाच प्रश्न

लढणाऱ्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न राज्यकर्त्यांना फार पूर्वीपासून पडलेला आहे. रोमचा बादशहा ऑगस्टस याने इसवी सन ६ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र खजिना उघडला आणि त्यात भर पडावी म्हणून वारसाहक्काच्या मालमत्तेवर शेकडा पाच कर बसवला. रोमच्या श्रीमंतांनी कुरकुर केली, पण लढून आलेला आणि रिकाम्या हाताने फिरणारा सैनिक किती धोक्याचा, हे ऑगस्टसला पक्के ठाऊक होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० साली पॅरिसमध्ये जायबंदी सैनिकांसाठी मोठी वास्तू उभारायला घेतली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ साली लंडनजवळ चेल्सी येथे तोच कित्ता गिरवला.

आपल्याकडेही मराठी राज्यात लढाईत कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी नेमणूक करून देण्याची रीत होती. तिला 'बालपरवेशी' असा मोठा गोड शब्द होता. तरवार गाजवणारा गेला तरी त्याच्या घरची चूल विझू द्यायची नाही, ही भावना त्या एका शब्दात आहे. कंपनी सरकारच्या काळात रॉबर्ट क्लाइव्हला बंगालच्या मीर जाफरकडून वारसाने पाच लाख रुपये आले. ती रक्कम त्याने कंपनीच्या जायबंदी सैनिकांच्या आणि विधवांच्या निधीसाठी दिली, आणि १७७० साली त्या निधीची रीतसर व्यवस्था झाली.

महाराष्ट्राच्या कितीतरी गावांत पैसा आणि अक्षर दोन्ही पलटणीच्या वाटेने आले. रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली हे एके काळी पेन्शनर शिपायांच्या वस्तीचे ठाणे होते. 'कॅम्प दापोली' हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. पेन्शनीत निघाल्यावर ते कुटुंबासह आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला राहिले. मुलांच्या शिक्षणाचा ध्यास घेतलेल्या त्या पेन्शनर सुभेदाराच्या घरातून पुढे भारताच्या राज्यघटनेचा शिल्पकार निघाला. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणाची शिळा गावात आहे.

हिशेब काय असतो?

आता थोडा आकड्यांकडे वळू. गृहिणींनी हा भाग वगळू नये. किंबहुना त्यांनीच तो आधी वाचावा, असे आमचे मत आहे. कारण पुढे सांगू.

जवानाला पेन्शन मिळण्यासाठी किमान १५ वर्षांची नोकरी लागते, अधिकाऱ्याला २० वर्षांची. पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराचा निम्मा भाग. पगार म्हणताना मूळ पगार, लष्करी सेवा वेतन वगैरे ठरावीक बाबी धरतात, भत्ते धरत नाहीत. पूर्वी पूर्ण पेन्शनसाठी ३३ वर्षांच्या नोकरीचे माप लावले जाई. लवकर घरी पाठवल्या जाणाऱ्या जवानाला ते गाठणे अशक्यच होते. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी, २००६ पासून, हे माप गेले.

समजा, हिशेबात धरला जाणारा शेवटचा पगार ४०,००० रुपये आहे. मग पेन्शन झाली २०,००० रुपये आणि तिच्यावर वेळोवेळी जाहीर होणारी महागाईची वाढ. शिवाय निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी मिळते. दर पूर्ण वर्षाच्या नोकरीमागे साधारण अर्ध्या महिन्याचा पगार, महागाई भत्ता धरून, असा तिचा हिशेब असतो. १ जानेवारी २०२४ पासून तिची कमाल मर्यादा २५ लाख रुपये आहे.

याखेरीज एक मोह असतो, पेन्शन विकण्याचा. सरकारी भाषेत त्याला अंशराशीकरण असे जडजंबाल नाव आहे. लष्करी माणसाला निम्म्यापर्यंत पेन्शन सरकारला 'विकून' एकरकमी पैसे घेता येतात. वरच्या उदाहरणात दरमहा १०,००० रुपये विकले, तर अडतिशीच्या माणसाला त्याच्या वर्षाच्या रकमेच्या नऊ पटींच्या आसपास, म्हणजे सुमारे पावणेअकरा लाख रुपये हाती येतात. त्यानंतर १५ वर्षे दरमहा १०,००० कापले जातात आणि मग पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. महागाईची वाढ मात्र या काळातही मूळच्या पूर्ण २०,००० वरच मिळते. पंधरा वर्षांत कापली जाणारी रक्कम होते १८ लाख. घर बांधायचे असेल किंवा जास्त व्याजाचे कर्ज फेडायचे असेल, तर हा सौदा शहाणपणाचा. पण गावाकडे जवान निवृत्त होऊन आला की एकरकमी पैशाचा वास भावबंदांना आणि जमिनीच्या दलालांना फार लवकर लागतो. मोटार, लग्नाचा थाट आणि कुणाच्या तरी धंद्यातली भागी यांत ही पुंजी वर्षभरात उडाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. मग उरते ती निम्मी पेन्शन आणि पंधरा वर्षांची वाट.

घरधनी गेल्यावर

गृहिणींनी हे वाचावे असे का म्हटले, ते आता सांगतो. सरकारी नोकराच्या मागे त्याच्या बायकोला पेन्शन मिळावी, ही गोष्ट आज आपल्याला सूर्य उगवण्याइतकी साहजिक वाटते. पण आजच्या स्वरूपाची कुटुंब पेन्शन योजना १ जानेवारी १९६४ रोजी आली. त्याआधी रणांगणावर मृत्यू आला तर कुटुंबाला काही मिळे. पण पेन्शनर घरी अंथरुणावर गेला, तर बहुधा त्याच्याबरोबर पेन्शनही जाई.

आज लष्करी कुटुंब पेन्शनचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. मृत्यू कसा आला, यावर प्रकार ठरतो. आपल्या ४०,००० रुपयांच्या उदाहरणावरूनच पाहू. मृत्यूचा नोकरीशी संबंध नसेल, तर साधारण कुटुंब पेन्शन मिळते. ती पगाराच्या शेकडा ३०, म्हणजे १२,००० रुपये. मात्र नोकरीत असताना मृत्यू आला तर पहिली दहा वर्षे ती शेकडा ५० दराने, म्हणजे २०,००० रुपये मिळते. निवृत्तीनंतर मृत्यू आला तर हा वाढीव दर सात वर्षे, किंवा पती ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर लागू राहतो. लष्करी कर्तव्यामुळे मृत्यू आला, तर विशेष कुटुंब पेन्शन शेकडा ६०, म्हणजे २४,००० रुपये. आणि युद्धात किंवा शत्रूच्या कारवाईत वीरमरण आले, तर उदारीकृत कुटुंब पेन्शन, म्हणजे पगाराइतकीच पूर्ण ४०,००० रुपये.

बारा हजार आणि चाळीस हजार यांतला फरक केवळ एका कागदावर अवलंबून असतो. मृत्यू कोणत्या परिस्थितीत झाला, याची चौकशी पलटण करते आणि त्या अहवालातले दोन-चार शब्द घरची पुढची चाळीस वर्षे ठरवतात. ज्या घरावर दुःख कोसळले आहे, तिथे कागद वाचायला डोळे कोरडे नसतात. म्हणून अशा वेळी जवळच्या कुणीतरी शांतपणे ते कागद पाहावेत आणि त्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

आणखी एक नाजूक गोष्ट. शौर्यपदक मिळवून गेलेल्या जवानाच्या विधवेने पुनर्विवाह केला, तर पदकाचा भत्ता चालू राहण्यासाठी तिने दिराशीच लग्न केलेले असले पाहिजे, असा एक नियम होता. पैसा घरातच राहावा, ही त्यामागची समजूत. विधवा मुलगी कुणाशी संसार मांडणार, हे भत्त्याने ठरवावे, ही गोष्ट काळाला शोभणारी नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती अट रद्द झाली. उशिरा का होईना, एक शहाणपणाचे काम झाले.

शरीराची किंमत

पाय गेला, डोळा गेला, कान बधिर झाले, तर नोकरीच्या पेन्शनखेरीज अपंगत्वाचा वेगळा भाग मिळतो. शंभर टक्के अपंगत्व असेल तर तो पगाराच्या शेकडा ३० असतो आणि टक्केवारी उतरेल तसा तो उतरतो. युद्धातली जखम असेल तर दर अधिक उदार आहेत. खरा वाद असतो तो आजारांबाबत. गोळी लागलेली दिसते. पण रक्तदाब, मधुमेह आणि मनाचे विकार कुठून आले? हे पलटणीतल्या कष्टांमुळे आले की अंगचेच होते? भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून ठणठणीत ठरवलेल्या माणसाला पुढे आजार जडला, तर तो नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर आहे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात स्पष्ट केला. पुढे २०२३ साली सरकारने यासाठी नवे नियम आणले. अशा तक्रारींसाठी २००७ च्या कायद्याने लष्करी न्यायाधिकरण स्थापन झाले असून त्याचे एक पीठ मुंबईलाही आहे.

मेहेरबानी नव्हे, कमाई

पेन्शन ही धन्याची खुशी की नोकराचा हक्क? या प्रश्नाचे उत्तर १७ डिसेंबर १९८२ रोजी मिळाले. सरकारने १९७९ साली पेन्शनचे सूत्र सुधारले होते, पण त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ठेवला होता. एक दिवस आधी निवृत्त झालेला मात्र जुन्या सूत्राला बांधलेला! संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले डी. एस. नाकरा न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे प्रमुख होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. पेन्शन ही भीक नव्हे, मेहेरबानीही नव्हे, तर उमेदीच्या वर्षांत केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असा निर्वाळा देऊन न्यायालयाने ती तारखेची भिंत पाडली. १७ डिसेंबर हा दिवस देशभरचे पेन्शनर आजही साजरा करतात.

तरीही लष्करातले जुने दुखणे पुरते गेले नाही. प्रत्येक वेतन आयोगानंतर नवे निवृत्त होणारे वर चढत आणि त्याच हुद्द्याचे, तेवढीच नोकरी केलेले जुने खाली राहत. यातून 'समान हुद्दा, समान पेन्शन' ही मागणी उभी राहिली. राज्यसभेच्या याचिका समितीने २०११ साली तिला दुजोरा दिला. समितीचे अध्यक्ष भगतसिंग कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. २०१५ च्या उन्हाळ्यात दिल्लीला जंतरमंतरवर छातीवर पदके लावलेले वृद्ध सैनिक धरणे धरून बसले. शिस्तीत आयुष्य काढलेल्या माणसांना रस्त्यावर बसावे लागले, हे दृश्य पाहणाऱ्यांना चटका लावणारे होते. ५ सप्टेंबर २०१५ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली. ७ नोव्हेंबरला, त्या वर्षीच्या दिवाळीच्या तोंडावर, तिचा हुकूम निघाला आणि लाभ १ जुलै २०१४ पासून धरला गेला.

योजनेत दर पाच वर्षांनी नवी आकारणी करायची होती. दरवर्षी का नाही, म्हणून माजी सैनिक पुन्हा न्यायालयात गेले. १६ मार्च २०२२ रोजी न्यायालयाने सरकारचे धोरण उचलून धरले, पण १ जुलै २०१९ पासूनची राहिलेली आकारणी करून थकबाकी देण्यास सांगितले. गंमत अशी, की हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, म्हणजे नाकरा खटल्याच्या पीठप्रमुखांचे चिरंजीव. सरकारकडून थकबाकीला उशीर होऊ लागला, तेव्हा २०२३ साली न्यायालयाने हप्तेच बांधून दिले. आधी विधवा आणि शौर्यपदकवाले, मग सत्तरी उलटलेले, मग बाकीचे. ज्यांच्याकडे वाट पाहायला दिवस थोडे, त्यांना आधी! त्यानंतरची आकारणी १ जुलै २०२४ पासून झाली आहे.

कागद सांभाळा!

एवढे हक्क कायद्याने मिळाले तरी ते अडतात कुठे? बहुधा नावात. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची हौस असते. माहेरची लक्ष्मी सासरी सुनंदा होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि पलटणीच्या दप्तरात तिसरे. नवरा असेपर्यंत कुणाचे काही अडत नाही. तो गेला की कारकुनाच्या खिडकीपाशी तिला विचारतात, 'बाई, या तिघींतल्या तुम्ही कोण?' आणि मग प्रतिज्ञापत्रे आणि हेलपाटे सुरू होतात.

म्हणून लष्करी कुटुंबांनी काही गोष्टी धनी हयात असतानाच करून ठेवाव्यात. लग्न झाले आणि प्रत्येक मूल जन्मले की त्याची नोंद पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर' मध्ये करून घ्यावी. पेन्शनच्या हुकुमावर, म्हणजे पीपीओवर, पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बिनचूक आहे का ते पाहावे. बँकेत शक्यतो दोघांचे संयुक्त खाते असावे. अपंग मूल असेल तर त्याची नोंद आईवडिलांनी हयातीतच करावी, कारण अशा मुलाला पुढे जन्मभर कुटुंब पेन्शन मिळू शकते. एरवी मुलांना ती २५ व्या वर्षापर्यंत मिळते. अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित मुलींना मात्र अटींसह त्यानंतरही मिळते. लष्करानंतर दुसरी सरकारी नोकरी करून तिचीही पेन्शन मिळवलेल्या माजी सैनिकाच्या पत्नीला २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्हीकडची कुटुंब पेन्शन घेता येते, हे कितीजणींना ठाऊक नसते.

पूर्वी पेन्शन खजिन्यातून, पोस्टातून, पुढे बँकांतून मिळे. आता 'स्पर्श' या संगणकी व्यवस्थेतून प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयामार्फत ती थेट खात्यात जमा होते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. 'मी जिवंत आहे' असे जिवंत माणसाने सांगायचे, याची थट्टा खूप झाली आहे. पण तो दाखला चुकला की पेन्शन थांबते, ही थट्टा नव्हे. आजी-आजोबांना बोटाचे ठसे लावायला सेवा केंद्रात नेणे किंवा घरच्या फोनवर दाखला भरून देणे, एवढे काम नातवंडांनी अंगावर घ्यावे. वय ८० झाले की पेन्शन शेकडा २० ने वाढते आणि पुढे दर पाच वर्षांनी वाढत शंभरीला दुप्पट होते. ती वाढ खात्यात आली का, हेही पाहावे. अडले तर जिल्ह्याच्या ठिकाणचे सैनिक कल्याण कार्यालय याच कामासाठी आहे.

पुढे काय?

१ जानेवारी २००४ नंतर केंद्र सरकारच्या मुलकी नोकरीत शिरलेल्यांची जुनी पेन्शन गेली, पण फौजेची राहिली. जून २०२२ मध्ये मात्र अग्निपथ योजना आली आणि जवानांच्या भरतीचे स्वरूप पालटले. अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतो. त्याच्या पगारातून दरमहा शेकडा ३० कापून, तेवढीच भर सरकार घालून, शेवटी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी देते. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. चौघांतला एक जण फार तर पुढे कायम होईल आणि त्याला नेहमीच्या अटी लागू होतील. पेन्शनचा बोजा हलका होतो आणि फौज तरुण राहते, असे योजनेच्या बाजूने सांगतात. बावीस-पंचविसाव्या वर्षी घरी येणाऱ्या तिघांचे काय, असे विरुद्ध बाजूचे विचारतात. पहिल्या तुकडीचे शिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. चार वर्षांचा हिशेब केला, तर हा प्रश्न कागदावरून आपल्या आळीत यायला वेळ लागणार नाही. ज्या घरातला मुलगा अग्निवीर आहे, त्या घराने ती सेवानिधीची रक्कम कशासाठी, याचा विचार आजच करावा. आणि ज्यांचे कारखाने, दुकाने, संस्था आहेत, त्यांनी अशा कसलेल्या पोरांना दारात उभे करण्याची तयारी ठेवावी.

फराळाचे ताट घेऊन शेजारी जाल, तेव्हा तुमच्या इमारतीत एखादे लष्करी पेन्शनराचे किंवा वीरपत्नीचे घर असेल तर तिथे जरा टेकून बसा. 'काकू, पेन्शनच्या हुकुमावर तुमचं नाव बरोबर आहे ना? एकदा दाखवता का?' एवढेच विचारा. सात डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा समोर आला की आपण त्यात नोटा टाकतोच, त्या टाकाव्याच. पण एखाद्या घरचा अडलेला कागद पुढे सरकवून दिला, तर त्याचे मोल त्या नोटांहून खचित अधिक आहे.